न दिसणाऱ्या खिडक्यांतून वाट काढताना

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी चार-पाच खिडक्या उघड्या असतात. एकीत पत्राचा मसुदा, दुसरीत हिशेबाचा तक्ता, तिसरीत ई-मेल. डोळस माणूस एका दृष्टिक्षेपात हवी ती खिडकी शोधतो आणि माऊसच्या एका टिचकीने तिच्यात शिरतो. ज्याला पडदाच दिसत नाही, त्याने हे कसे करायचे? त्याचे उत्तर ‘स्क्रीन रीडर’ या सॉफ्टवेअरने दिले आहे. मात्र हे उत्तर वाटते तितके सरळ नाही. हे सॉफ्टवेअर पडदा ‘पाहून’ वाचत नाही. समोरचा प्रोग्राम स्वतःविषयी जे सांगतो, तेच ते उच्चारते. प्रोग्राम गप्प राहिला की स्क्रीन रीडरही गप्प राहतो आणि खुर्चीत बसलेल्या कर्मचाऱ्याचे काम तेथेच थांबते.

हा प्रश्न थोडक्यांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक होती आणि त्यांपैकी सुमारे पावणेसहा लाख महाराष्ट्रात होत्या. बँका, सरकारी कार्यालये, शाळा-महाविद्यालये, विधी व्यवसाय आणि माहिती तंत्रज्ञान या क्षेत्रांत दृष्टिहीन कर्मचारी काम करतात ते याच सॉफ्टवेअरच्या आधारे. म्हणूनच खिडकी बोलते की नाही हा त्यांच्या दृष्टीने केवळ सोयीचा मुद्दा राहत नाही. त्यावर त्यांची नोकरी अवलंबून असते.

अक्षरांचा पडदा, चित्रांचा पडदा

डॉसच्या काळात गोष्ट तुलनेने सोपी होती. पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी, म्हणजे २ हजार अक्षरांची जागा. प्रत्येक जागी कोणते अक्षर आहे याची नोंद संगणकाच्या स्मृतीत असे. ती नोंद उचलून आवाज निर्माण करणाऱ्या यंत्राकडे पाठवली की पडदा वाचला जाई. आयबीएम कंपनीतील जिम थॅचर यांनी १९८० च्या दशकात डॉससाठी तयार केलेला ‘स्क्रीन रीडर’ याच तत्त्वावर चालत असे आणि पुढे त्याचेच नाव या साऱ्या प्रकाराला रूढ झाले.

१९८४ मध्ये मॅकिन्टॉश आणि १९८५ मध्ये विंडोज आले आणि चित्र पालटले. आता पडद्यावर अक्षरे नव्हती. ठिपक्यांनी रंगवलेली चित्रे होती. ‘जतन करा’ हे बटण डोळ्यांना बटण दिसत असले तरी संगणकाच्या स्मृतीत ते रंगीत ठिपक्यांचा एक आयत होते. डोळस वापरकर्त्यांसाठी जी क्रांती ठरली, तिनेच दृष्टिहीनांच्या हातचा संगणक काढून घेण्याची वेळ आणली. चित्रमय पडद्यामुळे आपल्या नोकऱ्या जातील, ही भीती त्या काळी अमेरिकेतील अंध कर्मचाऱ्यांमध्ये पसरली होती आणि ती निराधार नव्हती.

यावर पहिला तोडगा निघाला तो काहीसा आडवळणाचा होता. प्रोग्राम पडद्यावर जे काही रेखाटतो, त्या प्रत्येक आज्ञेवर स्क्रीन रीडरने मध्येच पहारा ठेवायचा आणि ‘या जागी हे शब्द लिहिले गेले’ अशी स्वतःची नोंदवही तयार करायची. या नोंदवहीला ‘ऑफ-स्क्रीन मॉडेल’ असे नाव पडले. मॅकिन्टॉशसाठी १९८९ मध्ये आलेला ‘आउटस्पोकन’ आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी आलेला ‘जॉज’ यांनी ही पद्धत वापरली. ‘जॉज’चे निर्माते टेड हेन्टर यांची दृष्टी १९७८ मधील मोटार अपघातात गेली होती. ज्याला गरज होती त्यानेच साधन घडवले, असे या क्षेत्रात अनेकदा घडले आहे.

नाव, भूमिका, अवस्था

नोंदवहीची ही पद्धत चालत असे, पण चुकतही असे. म्हणून १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाची व्यवस्था आणली. तिच्यामागचे तत्त्व आजही कायम आहे. खिडकीतल्या प्रत्येक वस्तूने विचारल्यावर स्वतःची ओळख सांगायची. ही ओळख मुख्यतः चार गोष्टींची असते: नाव, भूमिका, अवस्था आणि मूल्य. उदाहरणार्थ, नाव ‘पासवर्ड लक्षात ठेवा’, भूमिका ‘चेक बॉक्स’ आणि अवस्था ‘निवडलेला नाही’. एवढे ऐकले की ऐकणाऱ्याला समोर काय आहे आणि त्याचे काय करता येईल हे कळते. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेली ‘यूआय ऑटोमेशन’ ही याच व्यवस्थेची अधिक समर्थ पुढची पायरी. मॅक आणि लिनक्स यांच्याकडेही अशाच स्वतंत्र व्यवस्था आहेत.

या वस्तू सुट्या नसतात. त्यांचे एक झाड असते. सर्वांत वर संगणकाचा डेस्कटॉप, त्याच्या फांद्या म्हणजे उघड्या खिडक्या, प्रत्येक खिडकीच्या फांद्या म्हणजे मेनू, टूलबार, मजकुराची जागा आणि स्टेटस बार, आणि त्यांच्या टोकाला बटणे व चौकटी. डोळस माणसाला खिडकी नकाशासारखी दिसते, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ती या झाडासारखी भेटते. एका वेळी एकच फांदी हाताशी असते. बाकीचे झाड त्याला मनात उभे करावे लागते.

आज जगभर वापरल्या जाणाऱ्या स्क्रीन रीडरांपैकी ‘जॉज’ हा व्यावसायिक आहे आणि त्याचा परवाना सामान्य विद्यार्थ्याला परवडण्याजोगा नाही. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’चे काम सुरू केले. पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. हे सॉफ्टवेअर विनामूल्य आणि मुक्त स्रोत असल्याने भारतासारख्या देशात त्याचा प्रसार झाला. विंडोजमध्ये मुळातच असलेला ‘नॅरेटर’, मॅकमधील २००५ पासूनचा ‘व्हॉइसओव्हर’ आणि लिनक्सवरील ‘ऑर्का’ हे इतर पर्याय.

मी कोठे आहे?

स्क्रीन रीडर वापरणाऱ्यापुढे पहिला प्रश्न नेहमी हाच असतो. संगणकाचे लक्ष एका क्षणी एकाच वस्तूवर असते. त्याला ‘फोकस’ म्हणतात. कळफलकावर दाबलेली कळ त्याच वस्तूकडे जाते. त्यामुळे फोकस कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर पत्रात लिहायचा मजकूर भलत्याच खिडकीत जाऊ शकतो.

एका खिडकीतून दुसरीत जाण्याचा राजमार्ग म्हणजे ‘ऑल्ट’ दाबून ठेवून ‘टॅब’ दाबणे. प्रत्येक दाबासरशी पुढच्या खिडकीचे शीर्षक ऐकू येते. खिडक्यांचा क्रम त्या शेवटच्या कधी वापरल्या यावर ठरतो. म्हणून दोन खिडक्यांत आलटून पालटून काम करायचे असेल तर एकच दाब पुरतो. ‘जॉज’मध्ये ‘इन्सर्ट’ आणि ‘एफ-१०’ या कळांनी सर्व उघड्या खिडक्यांची यादीही मिळते.

येथे शीर्षकाला किती महत्त्व आहे हे ध्यानात येईल. तीन दस्तऐवज ‘नवीन दस्तऐवज’ याच नावाने उघडे असतील तर डोळस माणूस मजकुरावरून ते ओळखेल, पण ऐकणाऱ्याला तिन्ही सारखेच. अनुभवी वापरकर्ते त्यामुळे दस्तऐवज तयार होताच त्याला नाव देतात, आणि ते नाव पहिल्या शब्दातच ओळख पटेल असे ठेवतात.

खिडकीत शिरल्यावर ठाव घेण्यासाठी ‘एनव्हीडीए’मध्ये काही आज्ञा आहेत. त्यांची सुरुवात एका खास कळीने होते. ही कळ ‘इन्सर्ट’ असते किंवा वापरकर्त्याच्या पसंतीने ‘कॅप्स लॉक’. या कळीसोबत ‘टी’ दाबल्यास खिडकीचे शीर्षक, ‘टॅब’ दाबल्यास फोकस असलेली वस्तू आणि ‘बी’ दाबल्यास पुढे असलेली संपूर्ण खिडकी वाचली जाते. कोणती कळ काय करते हे विसरले असेल तर खास कळीसोबत ‘१’ दाबावा. मग दाबलेली कळ आपले काम न करता केवळ आपली ओळख सांगते. शिकाऊ माणसाने पहिला आठवडा या सोयीवर घालवला तरी तो वाया जात नाही.

खिडकीच्या आत

साध्या खिडकीत ‘टॅब’ने पुढच्या आणि ‘शिफ्ट’सह ‘टॅब’ने मागच्या वस्तूवर जाता येते. यादीत आणि मेनूत बाणांच्या कळा चालतात, चेक बॉक्स ‘स्पेस’ने बदलतो, ‘ऑल्ट’ने मेनू किंवा रिबन उघडते. मोठ्या प्रोग्राममध्ये खिडकीचे अनेक विभाग असतात. तेथे बहुधा ‘एफ-६’ ही कळ एका विभागातून दुसऱ्या विभागात नेते. ही कळ डोळस लोकांना क्वचितच ठाऊक असते, पण ई-मेलच्या यादीतून मजकुराकडे जाण्यासाठी दृष्टिहीन माणूस ती दिवसातून अनेकदा दाबतो.

मधेच उगवणारे डायलॉग बॉक्स ही वेगळी परीक्षा असते. ‘बदल जतन करायचे का?’ असा प्रश्न आला की फोकस आपोआप त्या छोट्या खिडकीत जातो आणि स्क्रीन रीडर तिचे शीर्षक, आतला मजकूर आणि निवडलेले बटण क्रमाने वाचतो. घाईत कळ दाबली गेली तर हे वाचन तेथेच तुटते. प्रश्न न ऐकताच उत्तर दिले जाण्याचा धोका त्यातून उद्भवतो. अशा वेळी ‘एस्केप’ दाबून माघार घेणे किंवा खिडकी पुन्हा वाचून घेणे, ही शिस्त प्रशिक्षणात आवर्जून लावली जाते.

काही वस्तूंपर्यंत ‘टॅब’ पोहोचतच नाही. खिडकीच्या तळाशी असलेला संदेश हे त्याचे उदाहरण. तेथे ‘एनव्हीडीए’ची वस्तूंमधून फिरण्याची पद्धत कामी येते. खास कळीसोबत अंकांच्या कळफलकावरील ‘८’ दाबल्यास झाडाच्या वरच्या फांदीवर, ‘२’ दाबल्यास आतल्या फांदीवर, ‘४’ आणि ‘६’ दाबल्यास शेजारच्या फांद्यांवर जाता येते. हवी ती वस्तू सापडली की ‘एंटर’ने ती चालवता येते. फोकस आपल्या जागी राहतो आणि वापरकर्ता खिडकीत हिंडून येतो. नवशिक्याला ही पद्धत अवघड वाटते. मात्र वरकरणी मुक्या वाटणाऱ्या अनेक खिडक्या तिच्यामुळे वापरता येतात.

ब्राउजरच्या खिडकीत आणखी एक गुंतागुंत असते. तेथे वाचनाची आणि लेखनाची अशा दोन अवस्था असतात. वाचनाच्या अवस्थेत ‘एच’ या अक्षराने पुढच्या शीर्षकावर, ‘के’ने दुव्यावर, ‘बी’ने बटणावर उडी मारता येते. अर्ज भरताना मात्र तीच कळ अक्षर म्हणून उमटायला हवी. ‘एनव्हीडीए’ बहुतेक वेळा अवस्था आपोआप बदलतो आणि तसा आवाज करतो. तो आवाज कानाआड झाला तर नाव लिहिण्याऐवजी भलतीकडेच उडी बसते.

खिडकी मुकी का होते?

आता मूळ दुखण्याकडे वळू. प्रोग्राम तयार करणाऱ्याने नेहमीची, तयार बटणे वापरली तर त्यांची ओळख बहुतांशी आपोआप मिळते. पण देखणेपणासाठी स्वतः रंगवलेले बटण ठेवले आणि त्याला नाव दिले नाही, तर स्क्रीन रीडर केवळ ‘बटण’ एवढेच म्हणतो. एका ओळीत अशी सात बटणे असतील तर ‘बटण, बटण, बटण’ असे सात वेळा ऐकू येते. त्यांतले कोणते रक्कम पाठवते आणि कोणते व्यवहार रद्द करते, हे कळायला मार्ग उरत नाही. भूमिकाही दिली नसेल तर तेवढेही ऐकू येत नाही.

इतर कारणेही आहेत. केवळ माऊसनेच चालणारी खिडकी कळफलकाला दाद देत नाही. काही ठिकाणी फोकस एका चौकटीत अडकतो आणि बाहेर पडत नाही. जावामध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांसाठी ‘जावा अ‍ॅक्सेस ब्रिज’ नावाचा दुवा सुरू असावा लागतो. तो नसला की खिडकी पूर्णपणे मुकी. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या यंत्रावर आणला जातो तेव्हा स्थानिक स्क्रीन रीडरला पुष्कळदा निव्वळ चित्र मिळते. पेन ड्राइव्हवरून चालवलेला ‘एनव्हीडीए’ प्रशासकीय अधिकाराने चालणाऱ्या खिडक्यांपुढे आणि विंडोजच्या परवानगी मागणाऱ्या पडद्यापुढे थांबतो. त्यासाठी तो संगणकावर रीतसर बसवलेला असावा लागतो. कार्यालयांत बाहेरचे सॉफ्टवेअर बसवण्यास मनाई असते, तेव्हा हा तांत्रिक तपशील थेट कर्मचाऱ्याच्या रोजच्या कामावर येऊन आदळतो.

मराठीची वेगळी अडचण

मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा एक अडथळा लिपीचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर खास फॉन्टमध्ये लिहिला जाई. त्यात संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असे, फक्त त्याचे रूप देवनागरी दिसे. मराठी वृत्तपत्रांची सुरुवातीची संकेतस्थळेही अशाच फॉन्टांवर उभी होती. डोळ्यांना सुरेख मराठी दिसे आणि स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग वाचे. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडला आधार मिळाला आणि मराठी मजकूर खऱ्या अर्थाने ‘वाचता’ येऊ लागला. तरीही जुन्या फॉन्टांतील दस्तऐवज, तसेच छापील पान स्कॅन करून केवळ चित्र म्हणून ठेवलेल्या पीडीएफ, या दोन गोष्टी आजही वाट अडवतात.

युनिकोड असले तरी बोलणारा आवाज मराठी जाणणारा हवा. ‘ईस्पीक’ हे मुक्त उच्चारयंत्र मराठी बोलते. त्याचा स्वर यांत्रिक असला तरी वेग वाढवल्यावरही त्याचे उच्चार स्पष्ट राहतात, म्हणून सरावलेल्यांना तो चालतो. मराठी आणि इंग्रजी एकाच खिडकीत येतात तेव्हा मजकुराला भाषेची खूण केलेली असेल तर आवाज योग्य वेळी बदलतो. खूण नसेल तर मराठी वाक्याला इंग्रजी वळण लागते, किंवा देवनागरी शब्द गाळलेच जातात.

कायदा काय म्हणतो?

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे यासाठी शासनाने उपाय योजावेत असे म्हटले आहे. या क्षेत्रासाठी भारतीय मानक आयएस १७८०२ तयार झाले असून त्याचा पहिला भाग २०२१ चा व दुसरा २०२२ चा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी प्रकरणात सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, अशी भूमिका घेतली. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी ऑनलाइन ग्राहक पडताळणीसंबंधीच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीवनाच्या हक्काचा अविभाज्य भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले आणि २० निर्देश दिले.

कायद्याचे बळ आता आहे. प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा. सॉफ्टवेअर खरेदी करतानाच ‘ते स्क्रीन रीडरवर चालते का’ ही अट निविदेत घातली, तर पुढचा बराच त्रास वाचतो. तयार प्रणालीत नंतर दुरुस्ती करणे नेहमीच महाग पडते. बटणाला नाव देणे मात्र सुरुवातीलाच केले तर काही मिनिटांचे काम असते.

एक साधी चाचणी

आपले सॉफ्टवेअर बोलते की नाही हे तपासण्यासाठी तज्ज्ञच हवा असे नाही. प्रथम माऊस बाजूला ठेवावा आणि निव्वळ कळफलकाने एखादे संपूर्ण काम, समजा एक अर्ज भरणे, पार पाडून पाहावे. जेथे अडेल तेथे दोष आहे. नंतर विंडोज १० किंवा ११ मध्ये ‘कंट्रोल’, ‘विंडोज’ आणि ‘एंटर’ या कळा एकत्र दाबून ‘नॅरेटर’ सुरू करावा आणि पडदा बंद करून तेच काम पुन्हा करावे. जे बटण स्वतःचे नाव सांगत नाही, त्याची नोंद करून ती यादी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडे पाठवावी. अंतिम पसंती मात्र रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडूनच घ्यावी, कारण डोळस माणूस पडदा आठवून चालतो आणि न दिसणाऱ्या अडचणी त्याच्या नजरेतून निसटतात.

दृष्टिहीन कर्मचारी कळांचे शेकडो संयोग पाठ करतो, खिडकीचे झाड मनात उभे करतो आणि वेगाने बोलणारा आवाज कानांनी टिपतो. त्याच्या वाट्याचे काम तो करतोच. बटणाला नाव देण्याचे उरलेले काम ते बटण तयार करणाऱ्याचे आहे.